क्रेसेन्सिओचे नऊ दिवस

"नाव घेऊन माग, त्रान्सितो. 'सगळ्यांसाठी' असं मोघम मागितलेलं देवाला पोचत नाही गं. पत्ता नसलेला निरोप कुठल्या दारात जाणार?"

हा माझ्या भावाचा, तेओफिलोचा आवाज. बेचाळीस वर्षांपूर्वीचा. कॉफीच्या मळ्यातून उतरताना पुढे तो, मागे मी, दोघांच्या कमरेला रिकाम्या टोपल्या. आवाज जरा घोगरा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा, जणू प्रत्येक गोष्ट तो विचारतोच आहे. त्याचा चेहरा आता मला फोटो बघितल्याशिवाय आठवत नाही. आवाज आठवावा लागत नाही. तो आपला येतो, चुलीपाशी, ओढ्यावर, कधीही.

आमच्या ला कुएस्ता गावात फादर महिन्यातून एकदा यायचे, खेचरावर बसून. मधल्या रविवारी चर्चमध्ये बायबल वाचायचं काम तेओचं. तो वाचायचा आणि पुस्तक मिटून विचारायचा, "मिसरातल्या गुलामांचं रडणं देवाला ऐकू गेलं म्हणे. मग आपलं का नाही जात?" मग एखादी म्हातारी म्हणायची, "आपण रडतो कुठं मोठ्यानं? पदरात तोंड घालून रडतो." हसू पिकायचं, आणि त्या हसण्यातून लोक बोलते व्हायचे. कोणाला मळ्यातल्या विहिरीचं पाणी भरू देत नाहीत, कोणाच्या बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. शेवटी विनवण्या. त्यात तेओनं एक रीत पाडली होती. माणसाचं नाव घ्यायचं, आणि त्याच्यावर काय आलंय किंवा त्यानं काय केलंय, तेही म्हणायचं. "पोराला ताप आहे त्या मार्तासाठी." "बायकोवर हात उचलणाऱ्या लिनोसाठी." लिनो तिथंच बाकावर असायचा. सगळे म्हणायचे, "प्रभू, आमचं ऐक." लिनोही म्हणायचा, टोपीत तोंड घालून.

एका रविवारी तेओ म्हणाला, "क्रेसेन्सिओ मेल्गारसाठी. सैन्याचा ट्रक आला की आपल्या घरांकडे बोट दाखवणाऱ्या क्रेसेन्सिओसाठी."

चर्चमध्ये एकदम माश्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मग मागून कोणीतरी बाई म्हणाली, आणि मग सगळे म्हणाले, "प्रभू, आमचं ऐक."

शुक्रवारी भर दुपारी, मळ्यातून, तेओला नेला.

नेला. आमच्याकडे हाच शब्द आहे. त्या वर्षांत गेलेल्यांना कोणी मेला म्हणत नाही, पुरला म्हणत नाही. माझ्या आईनं मरेपर्यंत त्याचं ताट मांडलं, कारण नेलेला माणूस परतही आणला जातो. गावात म्हणायचे, कड्यावरून खाली टाकतात, गिधाडं वाट बघत बसलेली असतात. आई म्हणायची, गिधाडांना माणसाचं नाव माहीत नसतं, ती चुकतात.

त्या शुक्रवारनंतर ला कुएस्तात विनवणीत कोणी नाव घेतलं नाही. आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, जगातल्या शांतीसाठी. जगासाठी शांती मागायला काय जातं? जगाचं घर आमच्या गल्लीत नाही.

*

मी लग्न केलं नाही. मी प्रार्थना शिकले. गावात कोणी गेलं की नऊ दिवस जपमाळेवर रोझरी म्हणायला जी बाई लागते, ती मी झाले. पांढऱ्या कापडाची वेदी मांडायची, तिच्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, कारण वाटेला लागलेल्या जिवाला तहान फार. दर दहा मण्यांनंतर मृताचं नाव घेऊन विसावा मागायचा. नवव्या दिवशी निरोपाचं गाणं म्हणून वेदी उचलायची. 

जा रे जिवा, जा रे जिवा, दार उघडं, वाट खुली,
घराने तुझ्या पायांची धूळ झाडून दिली.

चाळीस वर्षांत माझ्या तोंडून नाव निघाल्याशिवाय या गावातून एकही जीव वर गेला नाही. हे मी गर्वानं सांगते. पाप असेल तर असू दे, पुढे याहून मोठं येणार आहे.

युद्ध संपल्यावर मी तेओचा फोटो छातीशी धरून राजधानीत जायची, तसल्याच फोटोवाल्या बायांबरोबर. हाडं शोधणारे लोक आले, चांगली पोरं होती, हातात ब्रश घेऊन माती झाडायची. म्हणाली, "जागा सांगा बाई, आम्ही खणतो." जागा! मी एकदा क्रेसेन्सिओच्या दारात गेले. तो ओसरीवर मका सोलत बसला होता. मी विचारलं. त्यानं मान वर केली नाही.

"युद्ध संपलं, त्रान्सितो. सगळ्यांना माफी झाली. कागदावर आहे."

"कागदावर माझं नाव आहे का? मी केली का माफी?"

"कणसं घेऊन जा दोन," तो म्हणाला. "कोवळी आहेत."

त्याच्या बायकोचं नाव ओब्दुलिया. ती आत पाटा-वरवंट्यापाशी होती, तिचे हात थांबले होते एवढं मला दिसलं. ही ओब्दुलिया माझी कोमाद्रे, म्हणजे मी तिच्या पोरीची धर्ममाय. तिच्या नोएमीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं होतं, तेओला नेल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. ती स्वतः आली होती विचारायला, दारात उभी राहून, पोटाशी तान्ही पोर. त्या दिवसांत क्रेसेन्सिओच्या घराला नाही म्हणायची सोय नव्हती. मला वाटलं, बघा यांची हिंमत, भाऊ खाल्ला आणि आता बहिणीला नात्यात ओढतात. मी पोर हातात घेतली, तिच्या डोक्यावर पाणी पडलं, ती रडली, आणि मी मनात म्हटलं, रड, तुझ्या बापानं रडवलेल्यांचं थोडं तूही रड.

पोरीनं मात्र जन्मभर मला धर्ममाय म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

*

मागच्या फेब्रुवारीत क्रेसेन्सिओ मेला. स्वतःच्या खाटेवर, स्वतःच्या उशीवर, बायकोच्या हातचं कोंबडीचं कढण पिऊन. मला बोलावणं आलं तेव्हा मी शेंगा निवडत होते. त्या पूर्ण निवडल्या, मग गेले.

अंग धुवायला आम्ही तिघी होतो. ओब्दुलिया, मी, आणि शेजारची चायो, जिच्या तोंडाला ना झाकण ना उंबरा. चायो त्याचे पाय पुसत म्हणाली, "बाई बाई, काय हे पाय! मरेपर्यंत बुटात राहिले म्हणून किती गोरे." ओब्दुलिया त्याच्या छातीवरून ओलं फडकं फिरवत होती. रडत नव्हती. फडकं पिळता पिळता, स्वतःशीच बोलल्यासारखं, म्हणाली:

"याला निदान पाणी तरी घालता आलं. तेओला तेही नाही."

फडक्यातून पाणी टपटपत राहिलं. चायोनं माझ्याकडे बघितलं. ओब्दुलियानं ओठ दातांत धरला, पण बोललेलं परत कुठे घालणार?

तेओला तेही नाही. म्हणजे तेओला घालायला पाणी नव्हतं, पण तेओ होता. हाताला लागेल असा होता. कड्याखाली नाही, गिधाडांच्या पोटात नाही. ही बाई त्याच्याजवळ होती.

मी त्याचे केस विंचरून दिले, भांगसुद्धा नीट पाडला. त्याला दफन करून सगळे परत आले. चार वाजता, शेवटची बस जायच्या आधी, पहिली रोझरी ठरली होती. मी वेदीचं पांढरं कापड झटकताना ओब्दुलियाला माजघरात घेतलं.

"तेओ कुठे आहे?"

"मला काय माहीत, कोमाद्रे?"

"तुझ्या नवऱ्याची भाषा आहे ही. तुझी बोल."

"बरं," मी म्हटलं. "नऊ दिवस आहेत. मी रोज येईन, रोज माळ ओढीन, एक मणी चुकवणार नाही. पण जागा कळल्याशिवाय त्याचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. बिननावाचा फिरू दे तुझा नवरा. या खाटेखाली, त्या रांजणामागे. माझा भाऊ बेचाळीस वर्षं फिरतोय, हाही फिरू दे."

तिचा चेहरा राखेसारखा झाला. "असं करू नको गं. माझ्यासाठी नको, पोरांसाठी नको करू."

"जागा सांग."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी बाहेर गेले आणि क्रूसाची खूण केली.

*

सूड म्हटलं की लोकांना सुरा दिसतो, रक्त दिसतं. माझा सूड जपमाळेच्या मण्याएवढा होता, आणि मी तो दिवसातून पाच वेळा जिभेखाली घोळवायची. दहा मणी संपले की घर श्वास धरायचं. इथं नाव येतं. मी म्हणायची, "देवा, या जिवाला विसावा दे." या जिवाला. कोणत्या, ते तूच बघ. लोक अडखळत म्हणायचे, "अखंड उजेड त्याच्यावर पडो." त्या अडखळण्यात मला गोडी लागली. खोटं कशाला बोलू? मी घरी जाऊन झोपायची ती लहान पोरासारखी.

दुसऱ्या दिवशी कॉफीचे कप वाटताना चायो कानाशी आली. "काय गं, नाव विसरलीस, की त्या अक्षराचा दात पडला?"

"दात शाबूत आहेत," मी म्हटलं. "म्हणूनच धरून ठेवलंय."

"धर, धर," ती म्हणाली. "मी काय, मला रोज गोड पाव खायला मिळतोय." आणि मग, पाव कॉफीत बुडवून, हळूच: "माझ्याही मामाच्या घराकडे बोट दाखवलं होतं त्यानं. विसरलेय असं समजू नको."

आणि एक गोष्ट मी केली, ती आजवर कबुलीतही सांगितली नाही. वेदीवरचा पेला. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याचं छप्पर. पाणी रोज बोटभर आटायचं. आटलं की बायका समाधानानं म्हणतात, प्यायला गं बाई, तहान भागतेय त्याची. मी रोज सगळ्यांच्या आधी जायची आणि तांब्यानं पेला काठोकाठ भरून ठेवायची. तिसऱ्या दिवसापासून कुजबूज सुरू झाली. पाणी हलत नाही. थेंबही घेत नाही. पोचतच नाही त्याला काही. कोणी म्हणालं, कुत्रं अंगणात बसून रिकाम्या खाटेकडे बघतं. कोणी म्हणालं, कोंबड्या बसल्या नाहीत. मी ऐकायची आणि माळ पुसायची.

त्याच दिवशी नोएमी आली ह्यूस्टनहून. मोठी झालेली, चाळिशीला टेकलेली, तिकडे म्हाताऱ्यांच्या घरात अंगं धुवायचं काम करते. माझ्या गळ्यात पडून रडली. "धर्ममाय, बाबांचं नीट होऊ दे हो. तुमच्याच हातात आहे." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या खांद्यावरून मला ओब्दुलिया दिसत होती, चुलीपाशी, केळीची पानं शेकताना. आमची नजर भिडली. मी भुवई उचलली: सांगतेस? तिनं पान उलटं केलं.

*

सहाव्या दिवशी फादर आले. हे आताचे, तरुण, मोटारसायकलवाले. फादर इग्नासिओ. त्यांच्या कानावर गेलं होतंच. आमच्या गावात कानांची कमी कधीच नव्हती. क्रेसेन्सिओसारख्यांना पूर्वी आम्ही 'कान' असंच म्हणायचो. रोझरी झाल्यावर फादर मला अंगणात घेऊन गेले.

"त्रान्सितोबाई, तुम्ही प्रार्थनेला ओलीस धरलंय."

"त्यांनी माणसं धरली होती, फादर. मी नुसतं नाव धरलंय."

"तुम्ही रोज 'आमच्या बापा' म्हणता. त्यात क्षमा येते."

"येते. मी तिथं श्वास घेते. बेचाळीस वर्षं तिथंच श्वास घेते, कोणाला कळत नाही."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. भला माणूस, पुस्तकात सगळं वाचलेला. म्हणाले, "मला गावात शांती हवी आहे."

"मलाही हवी आहे. पण ती कुठे बसवू? माझ्या घरात तेओचं ताट अजून मांडलेलं आहे, जागा अडली आहे. त्याला उचलून मातीत ठेवू द्या, मग मी स्वतः तुमच्या शांतीला चटई घालते, कॉफी देते."

"आणि ती सांगणारच नसेल तर?"

मी पदराची गाठ सोडून परत बांधली. फादरांना ते दिसलं, पण त्यांनी जिंकल्यासारखं तोंड केलं नाही. म्हणाले, "तुम्ही त्याचं नाव दाबलंत. त्यानंही तुमच्या भावाचं नाव दाबलं होतं. दाबायला त्याच्याकडूनच शिकलात की काय, असं वाटलं मला." मोटारसायकल सुरू करून गेले. धूळ कितीतरी वेळ अंगणात राहिली, आणि मी तिच्यात उभी होते. त्या पोराला शाप द्यावा असं मला वाटलं. लागलं होतं म्हणून.

*

आठव्या दिवशी नोएमी माझ्या घरी आली. दारातूनच म्हणाली, "धर्ममाय, बाबांनी काय केलं होतं?"

मी चूल फुंकत होते. फुंकत राहिले.

"आईला विचारलं तर ती भांडी घासायला लागते. चायोमावशीला विचारलं तर म्हणते, तुझ्या धर्ममायला विचार, तिचं दुकान आहे ते. सगळ्यांना माहीत आहे. मी याच गावात वाढले, आणि बाजारात बायका मला बघून आवाज का बारीक करतात ते मला कोणी सांगितलं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

तुम्हीसुद्धा नाही. तिच्या डोळ्यांत आग होती, आणि ती आग मला ओळखीची वाटली. मी बघितलं, माझे हात राखेनं माखलेत. बेचाळीस वर्षं मी त्याचा द्वेष केला, पण मोठ्यानं? एकदा त्याच्या ओसरीवर, तेही विचारल्यासारखं. विनवणीत कधी नाही. तेओ गेल्यावर मीही सगळ्यांसाठीच मागत आले. प्रवाशांसाठी. आजाऱ्यांसाठी.

"उद्या ये," मी तिला म्हटलं. "उद्या नववा आहे. सगळ्यांसमोर सांगते."

"मला एकटीला सांगा."

"एकटीला सांगितलेलं आपल्याकडे पुरलं जातं गं. उद्या."

*

नवव्या दिवशी अंगणापर्यंत माणसं होती. कोणाच्या निरोपाला येतात तशी ती आली नव्हती. जीव अडकतो की सुटतो ते बघायला आली होती. चायोनं दोन मोठी पातेली भरून तामाल उकडले होते, केळीच्या पानांचा आणि मक्याचा वास घरभर होता. पेला मी त्या दिवशीही भरला.

मी भरत होते तेव्हा मागून ओब्दुलिया म्हणाली, "काठ ओला ठेवतेस तू. पुसत जा. तिसऱ्या दिवशीच बघितलं मी."

तांब्या माझ्या हातात तसाच. "मग बोलली का नाहीस?"

"तुझा हक्क होता," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन खुर्च्या मांडायला लागली.

मला असा राग आला, असा राग आला! ती घाबरली नव्हती. आठ दिवस मी जे गोड म्हणून चघळत होते, ते तिनंच मला चघळायला दिलं होतं. आणि तरी जागा तिच्या तोंडात, बंद.

पाच वेळा दहा मणी झाले. या जिवाला, या जिवाला. मग विनवण्या. निरोपाच्या गाण्याआधी विनवण्या येतात. मी उभी राहिले. रोज मी बसून म्हणते. त्या दिवशी उभी राहिले, तेओ उभा राहायचा तशी नाही, वेदीचा कोपरा धरून.

"क्रेसेन्सिओ मेल्गारसाठी," मी म्हटलं.

घर हललं. नाव निघालं! कोणीतरी "जय हो देवाचा" म्हणालं. मी थांबले नाही.

"क्रेसेन्सिओ मेल्गारसाठी, ज्यानं सैन्याला आपली घरं दाखवली. ज्यानं माझ्या भावाला, तेओफिलो अल्वारेंगाला, शुक्रवारी दुपारी मळ्यातून धरून दिलं, कारण तेओनं त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली होती. त्यानं तेओला मारलं, किंवा मारणाऱ्यांना दोर दिला, आणि मग चाळीस वर्षं आपल्यात बसून मका खाल्ला. देवा, त्याला उजेड दे. असा उजेड दे की त्यात त्याला तेओचं तोंड दिसावं, आणि मान वळवता येऊ नये."

नोएमी भिंतीला टेकली होती, तिचा हात तोंडावर.

"आणि ओब्दुलियासाठी," मी म्हटलं, "जिला जागा माहीत आहे आणि सांगत नाही. माझी आई त्या जागेची वाट बघत मेली. त्या ओब्दुलियासाठी."

बेचाळीस वर्षांपूर्वीच्या माश्या परत आल्यासारख्या. मग दारातून, हातात तामालचं गरम पान, चायो म्हणाली, "प्रभू, आमचं ऐक." मागून एक म्हातारा. मग बाकांवरून, अंगणातून, एकेक, जड, दगड ठेवल्यासारखं. आणि शेवटी भिंतीपाशी नोएमी, आईकडे बघत, ओठ नीट न हलवता, "प्रभू, आमचं ऐक."

ओब्दुलिया खुर्चीवरून उठली. पदराला हात पुसले, जणू कामावरून बोलावलंय. नोएमीकडे बघितलं. मग माझ्याकडे आली, इतकी जवळ की तिच्या अंगाचा लाकडाच्या धुराचा वास मला आला.

"पोरीसमोर नको होतं," ती म्हणाली. "पण आता झालंच. मी शपथ घेतली होती, त्यानं क्रूसावर हात ठेवायला लावला होता. पण शपथेचंही कारण नाही खरं. तो मेल्यावर पहिल्याच दिवशी मी सांगणार होते. तू माजघरात विचारलंस तेव्हा जिभेवर होतं. मग ती ब्रशवाली पोरं आठवली, आणि हिंमत गेली."

"कुठे आहे तो?"

"दफनभूमीच्या कुंपणाबाहेर टाकला होता त्यांनी. मला क्रेसेन्सिओच्या बुटांना लागलेल्या तिथल्या मातीवरून कळलं. पहाटे लाकडं आणायच्या निमित्तानं गेले. कॉफी वाळवायचं गोणपाट नेलं, त्यावर घालून कुंपणाच्या आत ओढला. माझी बाळंतपणाची ओल अजून गेली नव्हती, कोमाद्रे, मला खणता येत नव्हतं, जमीन दगडासारखी. एकच जागा मऊ होती. माझ्या पहिल्या पोरीची. अकरा दिवस जगली ती, तिला ठेवून आठवडाच झाला होता. तिची माती हातानं निघाली."

मागे कोणीतरी रडायला लागलं. ओब्दुलिया रडत नव्हती.

"तिची पेटी वर काढली, त्याला खाली ठेवलं. तोंड पुसलं पदरानं, पाणी नव्हतं. आणि पेटी त्याच्या छातीवर ठेवली. मला वाटलं, दोघांनाही सोबत. दर नोव्हेंबरात फुलं दोघांना वाहते मी." तिनं माझा हात धरला, जपमाळेसकट, घट्ट. "खणतील तेव्हा त्यांना सांग हळू खणायला. वरची माझी आहे."